आधी दाबायचं, मग फिरवायचं

माझा भाऊ कुलपं दुरुस्त करतो. एवढं साधं वाक्य वयाची एकेचाळीस वर्षं उलटेपर्यंत मी परक्या माणसासमोर कधी उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर "हार्डवेअरमध्ये असतो" म्हणायचे. समोरच्याला वाटायचं, कॉम्प्युटर. वाटलं तर वाटू दे, त्याची समजूत दुरुस्त करायच्या फंदात मी पडत नसे.

दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. त्याचं आणि शाळेचं कधी पटलंच नाही. नववीत दोनदा बसून झाल्यावर तो स्वतःच्या पायांनी मामाच्या दुकानात जाऊन बसला आणि मामा गेल्यावर दुकान त्याचंच झालं. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागतं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. किल्ली घासायच्या मशीनच्या आवाजाने दादाचा डावा कान अधू झालाय, त्यामुळे तो शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जाईल असं बोलतो. बोटांच्या रेषांत पितळेचा काळा कीस कायमचा बसलेला. कितीही साबण लावला तरी निघत नाही.

मी रेणूंपासून रोबो बनवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हात-पाय असलेलं काहीतरी डोळ्यांपुढे आणतात. आमच्या रोबोला ना हात, ना पाय, ना तारा. डीएनएच्या धाग्यांना ठरावीक ठिकाणी घड्या घालून केलेली एक डबी आणि तिचं झाकण, बस्स. अशा हजारएक डब्या शेजारी शेजारी मांडल्या तर माणसाच्या केसाची रुंदी भरेल. डबीत औषधाचा कण ठेवायचा. आजारी पेशीवरचा नेमका एक रेणू भेटला की झाकणाचं कुलूप उघडलं पाहिजे, एरवी नाही. स्वतः ओळखायचं, स्वतः ठरवायचं, स्वतः काम करायचं, म्हणून रोबो. सध्या हे सगळं काचेच्या नळीतल्या पाण्यात चालतं. माणसाच्या शरीरापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आमच्या डबीचं दुखणं वेगळंच होतं. ती आपोआप उघडायची. झाकण उघडलं की आतला एक भाग हिरवा चमकेल अशी सोय आम्ही केली होती. सकाळी भरून ठेवलेली नळी दुसऱ्या दिवशी बघावी, तर किल्लीचा, म्हणजे त्या नेमक्या रेणूचा, पत्ता नाही आणि शंभरातल्या चाळीस डब्या हिरव्यागार. आमच्या गटाचे प्रमुख, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांचं म्हणणं होतं की कुलूप आणखी घट्ट करा. मी घट्ट केलं. मग ते खऱ्या किल्लीनेही उघडेना. सैल केलं की पुन्हा आपोआप उघडायचं. अकरा महिने माझं हेच चाललं होतं. विद्यार्थी माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते, घरात कुणी आजारी असलं की बोलतात तसे.

असल्याच एका रविवारी दुपारी मी दादाच्या दुकानात गेले. माझ्या कपाटाची किल्ली हरवली होती आणि कुलूपच काढून आणलं होतं. दादाने ते हातात घेतलं, कानाशी हलवलं, आणि किल्ली घासता घासता विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, तुमच्या डबीचं काय म्हणणं?"

पीएच.डी. झाल्यापासून तो मला डॉक्टरीणबाई म्हणतो.

"उघडी पडते," मी म्हटलं. "आपोआप."

"का गं?"

त्याला काय सांगायचं, असं मनात आलंच. पण बाहेर ऊन होतं आणि किल्ली व्हायला वेळ होता. एका पुठ्ठ्यावर डबी काढली. हे झाकण, हे दोन धागे एकमेकांना चिकटलेले, हेच कुलूप. किल्ली येते, एका धाग्याचं मोकळं टोक धरते आणि दुसऱ्यापासून सोलून काढते, केळं सोलतो तसं.

दादाने मशीन थांबवलं. पुठ्ठा डोळ्यांजवळ घेतला. "ही हलते का?"

"सगळंच हलतं दादा. एवढ्या बारीक मापावर पाण्याचे कणच चारी बाजूंनी धक्के मारत असतात. थांबतच नाही ते."

"म्हणजे ट्रकचा मागचा दरवाजा," तो म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही.

"हसू नकोस. एक माणूस यायचा माझ्याकडे, फर्निचर पोचवणारा. त्याच्या गाडीचा दरवाजा वाटेत उघडायचा. एकदा अख्खं टेबल रस्त्यावर. मला म्हणाला, जाड खटका बसव. बसवला. तर त्याला स्वतःलाच उघडेना, लाथा घालायचा. मग मी जाडीचा नाद सोडला. खटका असा केला की आधी आत दाबायचा आणि दाबून धरूनच फिरवायचा. रस्त्याचे धक्के दाबतातही आणि फिरवतातही. पण आधी हे, मग ते, असं ओळीने करत नाहीत. धक्क्याला क्रम कळत नाही. क्रम कळायला हात लागतो."

"तिथे हात नाही, दादा."

"मग जे काही तुझा हात असेल ते," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन चालू केलं. "तू ते मोकळं टोक असं उघड्यावर का ठेवलंयस? आत दडव की. आधी दाबल्याशिवाय सापडायलाच नको."

मी पुठ्ठा पर्समध्ये घातला. कपाटाचं कुलूप तिथेच विसरून घरी आले.

पुढचं सांगायला सोपं आहे, करायला चार महिने लागले. धाग्याचं मोकळं टोक मी एका छोट्या फासात गुंडाळून दडवलं. किल्लीने आधी तो फास उघडायचा, मगच टोक हाती लागणार आणि मगच कुलूप सुटणार. नवी डबी तयार झाली, नळी भरली, दुसऱ्या दिवशी बघितलं. शंभरातल्या तीन. किल्ली घातल्यावर मात्र नव्वदच्या वर. माझ्या हाताखाली काम करणारी विद्यार्थिनी नाचायचीच बाकी राहिली. सर धावत आले, पडद्यावरचे आकडे तीनदा बघितले आणि म्हणाले, "अगं, हे तुला सुचलं कसं?"

"बसल्या बसल्या सुचलं," मी म्हटलं.

मुद्दाम लपवायचं ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं आणि गेल्यावर ते परत घ्यायला मी तोंड उघडलं नाही. शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायची जागा असते. तिथे मी सरांचे, शेजारच्या गटातल्या दोघांचे, सूक्ष्मदर्शक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे आभार मानले. त्यातल्या एकाने तर मला चुकीचा सल्ला दिला होता. दादाला फोनवर मात्र सांगितलं, "तुझा खटका चालला." तो एवढ्या मोठ्याने हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

निबंध छापून आला आणि गाजला. संस्थेने मोठा कार्यक्रम ठेवला. बाहेरचे लोक, वार्ताहर, कुटुंबीयांना आमंत्रण. दादा आणि वहिनी आले. दादाने नवा शर्ट घातला होता, अजून घडीच्या रेषा दिसत होत्या. दोघं तिसऱ्या रांगेत बसले. व्याख्यान चांगलं झालं. मी ते बरंच सोपं केलं होतं आणि दादा मान हलवत होता, झोपला नव्हता.

मग प्रश्न सुरू झाले. एक वयस्कर प्राध्यापिका उठल्या. या विषयात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. विद्यार्थी असताना मी त्यांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचे. त्या म्हणाल्या, "मला रसायन विचारायचं नाही, ते कळलं. मला सांगा, आधी दाबायचं मग फिरवायचं, ही कल्पना मुळात आली कुठून?"

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. दादा खुर्चीत ताठ झाला होता. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली आणि वहिनीकडे बघून किंचित हसला. फोटो काढणारा 'इकडे बघा' म्हणाल्यावर माणूस जसा तयार होतो, तसा तो तयार झाला होता.

त्या एका क्षणात माझ्या मनात काय आलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय. श्रेय आपल्याकडे ठेवावं असं आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिथे एखादा प्राध्यापक बसलेला असता तर मी त्याला उभं करून टाळ्या मिळवून दिल्या असत्या. मनात आलं ते एवढंच: आता सगळे मागे वळून बघतील. त्याची बोटं बघतील. तो उठेल, आणि त्या आवाजात ट्रकचा दरवाजा सांगेल.

"एका सकाळी औषधाची बाटली उघडत होते," मी म्हटलं. "लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून झाकण दाबून फिरवायचं असतं ना, ती. झाकण हातात तसंच राहिलं आणि गोळी घ्यायची राहून गेली."

सभागृह हसलं. टाळ्या वाजल्या. प्राध्यापिका हसत हसत खाली बसल्या. तिसऱ्या रांगेत दादाही टाळ्या वाजवत होता. वहिनींचे हात मांडीवर होते.

नंतर चहाच्या वेळी त्या प्राध्यापिका माझ्याजवळ आल्या, तेव्हा दादा माझ्या शेजारीच उभा होता. ओळख करून देणं भाग होतं.

"हा माझा मोठा भाऊ," मी म्हटलं. "हार्डवेअरमध्ये असतो."

"अरे वा, कॉम्प्युटर?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोलला, "हो, तसंच काहीतरी." आणि कपबशी दुसऱ्या हातात घेऊन उजवा हात खिशात घातला.

माझ्यासाठी तो खोटं बोलला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण मी तिथेच उभी राहून त्या प्राध्यापिकांशी पुढच्या परिषदेबद्दल बोलत राहिले.

बाटलीची गोष्ट वार्ताहरांना फार आवडली. संस्थेच्या मासिकात आली, वर्तमानपत्रात आली, कुणीतरी बाटलीचं चित्रही काढलं. एका शाळेने मला बोलावलं आणि मुलांनी व्यासपीठावर रिकामी बाटली आणून ठेवली. मी ती उघडून दाखवली. हो, तेसुद्धा केलं मी.

दादाचे फोन येत राहिले, पण पाण्याबद्दल, हवेबद्दल, वहिनींच्या गुडघ्याबद्दल. डबीचं नाव त्याने काढलं नाही. मीही नाही.

दीड महिन्याने वहिनी माझ्या घरी आल्या. एकट्याच. विसरलेलं कपाटाचं कुलूप त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, चहा नको म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"हे तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी आले," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तुझा कार्यक्रम व्हायच्या आधीच शिंप्याला आणि झेरॉक्सवाल्याला सांगितलं होतं. माझ्या बहिणीच्या मशीनमध्ये माझा खटका बसलाय म्हणून. किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. रोज नवं गिऱ्हाईक आलं की त्यालाही."

मी टेबलावरचं कुलूप जवळ ओढलं.

"मग पेपर आला. झेरॉक्सवाल्याने दुकानात मोठ्याने वाचून दाखवला. तुझ्या बाटलीचा. आता ह्यांना सगळी गल्ली बाटलीवाले म्हणते. काय बाटलीवाले, आज काय शोध लावला? हे त्यांच्याबरोबर हसतात. कुणालाही उलटून म्हणाले नाहीत की माझी बहीण खोटं बोलतेय."

"वहिनी, मी..."

"तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून स्वतः थापाड्या ठरलेत ते," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. "मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण माझ्या नवऱ्याने आजवर गिऱ्हाइकाशी खोटेपणा केलेला मी बघितला नाही. एवढंच सांगायला आले होते."

त्या गेल्यावर मी त्या कुलपाकडे बघत बसले. किल्ली त्यालाच लावलेली होती आणि तिला दादाने दोरा बांधला होता, पुन्हा हरवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आकडे खरे आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आकडे खरे आहेत."

"मग झालं तर. कल्पना कुठून आली याची गोष्ट म्हणजे काही निकाल नव्हे. आभारात एक नाव घालायचं असेल तर नियतकालिकाला लिही. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांचं चूक नव्हतं. नियमाने माझा गुन्हा एका ओळीचा होता. नियतकालिकाला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आशयात चूक नसल्याने दुरुस्ती छापता येत नाही. ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याबद्दल पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी ठरवलं की चारचौघांत सांगायचं. पुढच्या महिन्यात एका परिषदेत व्याख्यान होतं. तिथे बाटलीचं चित्र दाखवायची वेळ आली तेव्हा मी ते दाखवलं नाही. म्हटलं, "ही गोष्ट खोटी आहे. ही कल्पना माझ्या मोठ्या भावाची. तो कुलपं दुरुस्त करतो. मला ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी बाटली रचली." वाटलं, आता सन्नाटा पसरेल, कुणीतरी उठून चार शब्द सुनावेल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. चहाच्या वेळी माझ्याभोवती गर्दी. किती प्रामाणिक, किती मोठं मन, आजकाल कोण असं कबूल करतं! ज्यांच्या शब्दाला मी एवढी घाबरले होते त्या प्राध्यापिकाही तिथे होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आधीच्या गोष्टीपेक्षा ही कितीतरी चांगली आहे." मी कबुलीजबाब दिला होता आणि लोकांनी तो बक्षिसासारखा माझ्याच पदरात टाकला. दादा तिथून दोनशे मैलांवर आपल्या दुकानात बसला होता आणि अजूनही बाटलीवालाच होता.

परत आल्यावर, शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी त्या गल्लीत गेले. दादाच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. मी त्याच्यासमोरून सरळ झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथे चार-पाच माणसं ओळखपत्रांच्या प्रती काढायला उभी होती. शिंपीही गळ्यात टेप घालून गप्पा मारत तिथेच उभा.

"मी तुमच्या शेजाऱ्यांची बहीण," मी म्हटलं. "पेपरात आलेली बाटलीची गोष्ट खोटी आहे. मी रचलेली. माझा भाऊ तुम्हाला सांगत होता तेच खरं. खटका त्याचाच आहे."

मशीन घरघरत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झेरॉक्सवाला कागद हातात घेऊन बघतच राहिला. रांगेतल्या एका बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मी चोरी करून सापडलेय असं. शिंपी खाली बघत म्हणाला, "अहो ताई, आम्ही आपली थट्टा करत होतो. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, असं कशाला..." आणि वाक्य अर्धवट सोडून स्वतःच्या दुकानात निघून गेला. माझे कान तापले होते.

मागे वळले तर दादा दारात उभा होता.

"आत चल," तो म्हणाला.

दुकानात त्याने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. दादाला रागावलेलं मी त्याआधी दोनदाच बघितलं असेल.

"हे काय केलंस?"

"खरं ते सांगितलं."

"माझ्या गल्लीत येऊन तमाशा केलास. आता ते काय म्हणतील माहितीय? बिचाऱ्याने बहिणीला बोलावून तिच्याकडून वदवून घेतलं. बाटलीवाला होतो, ते बरं होतं. हसत होते, संपत होतं. आता सगळे माझ्याशी जपून बोलणार."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परिषदेत बोलताना नाही, इथे येताना तर नाहीच. स्वतःच्या पाठीवरचं ओझं उतरवायच्या घाईत ते कुणाच्या अंगणात पडतंय हे मी बघितलंच नव्हतं.

"दादा, चुकलं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला. मग समोरची कानस उचलून उगाच पुसत राहिला. "मला नावाचं काही नव्हतं गं. खटका काय, मी रोज सांगतो कुणाकुणाला. फुकट सांगतो. पण त्या बाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्याकडे बोट दाखवणार. मी उठायच्या तयारीत होतो. गुडघ्यांवर हातसुद्धा ठेवले होते." त्याने कानस खाली ठेवली. "तू दुसरंच काही बोललीस. मग मी ते हात उचलून टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?"

मला रडू आलं. त्याने रडू दिलं, समजूत काढली नाही. एक माणूस किल्ली करायला आला, त्याचं काम करून दिलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तो माणूस गेल्यावर दादा म्हणाला, "आता हे पुन्हा कुठे सांगत फिरू नकोस. ना बाटली, ना मी."

"मग मी काय करू?"

"मला काय माहीत? मी काय प्रोफेसर आहे?" आणि थोड्या वेळाने, अजूनही घुश्श्यातच, "उघडल्यावर परत लावता येते का तुझी डबी? की एकदा उघडली की कामातून गेली?"

"कामातून गेली."

"हात्तिच्या! मग ते कसलं कुलूप? ते तर सील झालं."

त्यानंतरचं वर्ष मी दर रविवारी दुपारी त्या दुकानात जाऊन बसत असे. पहिले काही रविवार आम्ही दोघंही अवघडलेले होतो. शिंपी मला बघून आपल्या मशीनवर वाकायचा. झेरॉक्सवाला जास्तच आदराने बोलायचा आणि दादा म्हणाला होता तसंच झालं, त्याची थट्टा करणं सगळ्यांनी बंद केलं. थट्टा परत सुरू व्हायला पाच महिने लागले. दादाला त्याचा किती आनंद झाला हे त्याने मला सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं.

उघडून परत लागणारी डबी आम्ही दुकानातल्या पुठ्ठ्यांवर काढली. आम्ही म्हणतेय, ते मुद्दाम. प्रयोग मी आणि माझ्या विद्यार्थिनीने केले, पण झाकण परत ओढून घ्यायला लागणारा जोर उघडण्याच्या वेळीच साठवून ठेवायचा, हे दादाने स्प्रिंग दाबून दाखवत सांगितलं. तीन प्रकार त्याने सुचवले. त्यातले दोन साफ फसले. तिसरा अर्धवट चालतो. दहादा उघडून दहादा लागते, मग थकते. निबंध लिहायला घेतला तेव्हा मी सरांना विचारलं आणि या वेळी दादालाही.

"माझं नाव कशाला?" तो म्हणाला. "उद्या कुणी विचारलं तर? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळेपर्यंत सांगते."

त्याला निबंध वाचून दाखवायला सहा रविवार गेले. एकदा तो खरोखर झोपला. एकदा मधेच थांबवून म्हणाला, हे वाक्य तू उगाच अवघड केलंयस. ते खरं होतं, मी बदललं. मग नियतकालिकाचा फॉर्म भरायचा होता. प्रत्येक लेखकाच्या नावापुढे संस्था आणि पत्ता. दादाने पेन मागून घेतलं आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं: दुकानाचं नाव, मग 'किल्ल्या बनवून मिळतील', मग गल्ली, मग 'शिंप्याच्या शेजारी'.

"शिंपी कशाला?" मी विचारलं.

"लोकांना सापडायला नको?"

मी होतं तसं टाइप केलं. निबंध स्वीकारला गेला आणि एका सोमवारी सकाळी संपादकांकडून पत्र आलं. एका लेखकाच्या पत्त्याच्या जागी चुकून काही भलताच मजकूर आलेला दिसतो, कृपया योग्य संस्था कळवावी. मी उत्तर लिहायला बसले. 'मजकूर बरोबर आहे', एवढंच लिहायचं होतं. मनात आलं, संपादक वाचतील, हसतील. त्या प्राध्यापिका वाचतील. 'स्वतंत्र संशोधक' असं लिहिलं तरी खोटं होणार नाही, कुणाला कळणारही नाही, दादाला तर मुळीच नाही. मी तसं लिहिलंसुद्धा. मग खोडलं. उठले, नळ्या धुतल्या, विद्यार्थिनीवर विनाकारण खेकसले, परत येऊन बसले.

त्या तीन शब्दांचं उत्तर पाठवायला मला संध्याकाळचे पाच वाजले.